पासिंगपुरती गाडी

२०२५ च्या जानेवारीत माझी थोरली बहीण, भाऊजी आणि त्यांच्या शेजारची काही वयस्कर मंडळी इंदूरहून दक्षिणेच्या यात्रेस आली. माझी नेमणूक त्या वेळी तामिळनाडूत होती, म्हणून दोन दिवसांची रजा टाकून मी कुंभकोणमला त्यांना जाऊन मिळालो. आम्ही एकूण अकरा जण होतो. कुंभकोणमच्या परिसरात नवग्रहांची नऊ देवळे आहेत. तिंगळूरचा चंद्र, आलंगुडीचा गुरू, सूर्यनार कोविलचा सूर्य, कंजनूरचा शुक्र असे करीत शेवटी पुदुच्चेरीच्या हद्दीत, कारैकालजवळ, तिरुनळ्ळारचा शनी. पहाटे निघून रात्रीपर्यंत ही नऊही देवळे दाखवून आणणे हा तेथील व्हॅनवाल्यांचा नित्याचा व्यवसाय आहे. आम्हीही बारा आसनांची एक व्हॅन ठरवली.

व्हॅन आली ती पाहून मंडळी खूष झाली. स्वच्छ पांढरा रंग, चकचकीत अलॉय व्हील, आणि गाडी इतर व्हॅनपेक्षा चांगली दोन इंच खाली बसलेली. ताईचे गुडघे दुखतात. पहिल्या पायरीवर तिचा पाय सहज पोचला तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं बाई, या गाडीत कुणाचा हात धरावा लागत नाही." चालक तिशीचा, हसतमुख. थोडी हिंदी, थोडे इंग्रजी आणि बाकी तामिळ अशा भाषेत त्याने मला अभिमानाने सांगितले, "सार, गाडी मी मुद्दाम खाली घेतली आहे. यात्रेकरू बहुतेक म्हातारे असतात. एकदा माझ्या गाडीत बसलेले लोक पुढच्या वर्षी मलाच फोन करतात." चाके बदलल्याने गाडीला रुबाब येतो, हेही त्याने लपवले नाही.

तिंगळूर, आलंगुडी झाले. कंजनूरच्या पुढे एका खेड्यातील गतिरोधकावर गाडीचा तळ खरवडला. त्यानंतर प्रत्येक खड्ड्यात मागून 'धाड' असा आवाज येऊ लागला. वैदीश्वरन कोविलला मंडळी दर्शनाला गेली आणि मी खाली वाकून चाके पाहिली. ही सवय मला का लागली ते पुढे सांगतो. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. टायरवर भारांक छापलेला होता ९५. म्हणजे ते टायर खाजगी मोटारीच्या जातीचे होते, बारा माणसे वाहणाऱ्या व्हॅनचे नव्हे.

मी चालकाला फुगा दाखवला. तो गोरामोरा झाला. जादा चाक होते, पण ते मूळ मापाचे, म्हणजे उरलेल्या तिघांशी न जुळणारे. आम्ही त्या गाडीतून पुढे जाण्यास नकार दिला. त्याने बिचाऱ्याने ओळखीची दुसरी व्हॅन बोलावली आणि त्या दिवसाची कमाई गमावली. मी विचारले, "या चाकांवर गाडीचे पासिंग कसे होते?" तो म्हणाला, "पासिंगच्या दिवशी जुनी चाके चढवतो, सार. मागचा काढलेला पाटाही घालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ही." हे सांगताना त्याच्या स्वरात चोरी नव्हती. दिवाळीला घरातले ठेवणीतले भांडे काढावे, तसे तो बोलत होता.

रात्री मुक्कामी ताईने विचारले, "तू इतकी वर्षे सरकारात आहेस. मग हे बघायला कुणीच नाही का?" तीन संस्थानांचे दिवाण झालेले टी. माधवराव ज्या गावात १८२८ साली जन्मले, त्या गावात एका मराठी अधिकाऱ्याला त्याच्या बहिणीने हा प्रश्न विचारावा, आणि त्याच्याजवळ उत्तर नसावे! हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. त्या चालकाने चूक केली, परंतु ती चूक स्वस्त आणि सोयीची आम्ही केली. आपला कायदा कागदाशी जुळणाऱ्या गाडीला सुरक्षित समजतो, आणि कागदाशी न जुळणाऱ्या सगळ्या गाड्यांना सारखेच गुन्हेगार ठरवतो.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ असे सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा कोणताही बदल मालकाने वाहनात करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आणि राज्याच्या नियमांच्या आधारे अशा बदलांना दिलेली सवलत अमान्य केली. न्यायालयाने संसदेने लिहिलेल्या शब्दांचा अर्थ लावला. त्याला दोष देता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२क आले. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आता 'तपशील' म्हणजे काय ते पाहा. आरसी बुकात गाडीचा वर्ग, बांधणीचा प्रकार, आसने, रंग, इंधन, दोन आसांमधील अंतर, रिकाम्या गाडीचे वजन इत्यादी नोंदी असतात. प्रवासी किंवा मालवाहू गाडी असेल तर प्रत्येक आसावरील टायरची संख्या व माप, आणि त्या आसाचे नोंदलेले वजनही असते. परंतु गाडी जमिनीपासून किती उंच उभी राहावी, ही नोंद त्यात नाही. टायरचे माप आहे, पण एखादे टायर किती किलो भार झेलू शकते तो भारांक मालकाच्या किंवा प्रवाशाच्या नजरेस पडेल असा कुठे लिहिलेला नाही. टायर किती वर्षांचे आहे याचीही नोंद नाही. म्हणजे रंग बदलला तर तो कागदावर चटकन पकडला जातो. पाटा काढला, स्प्रिंग कापली, तर ते पकडायला अधिकाऱ्याने गाडीखाली वाकावे लागते. आणि आम्ही वाकत नाही.

याचे एक उदाहरण शेजारच्या केरळात घडले. ५ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री वडक्कंचेरीजवळ शाळेची सहल घेऊन जाणारी एक खाजगी पर्यटक बस राज्य परिवहनच्या बसवर मागून आदळली आणि नऊ जण मृत्युमुखी पडले, त्यांत पाच विद्यार्थी होते. बस वेगात होती, आणि तिच्या वेगनियंत्रकात फेरफार झाल्याचे समोर आले. त्यानंतर वेगनियंत्रकांची तपासणी झाली हे खरे. परंतु सर्वांत ठळकपणे आणि तातडीने जो नियम अमलात आला तो पर्यटक बस पांढऱ्या रंगाची असावी, हा होता. अपघात वेगाने झाला आणि बडगा रंगावर पडला. रंग लांबून दिसतो, म्हणून तो प्रशासनाला प्रिय असतो.

आता थोडे यंत्राविषयी. त्याशिवाय चांगला बदल आणि वाईट बदल यांतील भेद कळणार नाही.

व्हॅन उंच असते, म्हणून तिचा गुरुत्वमध्यही उंच असतो. चाकांमधील आडव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की जो अंक येतो, त्यावरून गाडी उलटण्याचा धोका अजमावतात. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने २००१ सालच्या गाड्यांपासून हा अंक वापरून मानांकन सुरू केले. त्याच वर्षी त्याने पंधरा आसनी व्हॅनबद्दल इशारा दिला की, दहा किंवा अधिक माणसे बसलेली व्हॅन एकट्याने होणाऱ्या अपघातात उलटण्याचे प्रमाण थोडी माणसे असलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट आहे. या हिशेबाने व्हॅन थोडी खाली आणणे हे मुळात वाईट नाही. नीट केले तर गाडी वळणावर कमी कलते आणि ताईसारख्या माणसाला चढणे सोपे जाते.

प्रश्न 'नीट' या शब्दाचा आहे. नीट पद्धत म्हणजे त्या गाडीच्या वजनासाठी तयार केलेली आखूड स्प्रिंग, तिला जुळणारे शॉकॉब्सर, त्यानंतर चाकांची अलाइनमेंट आणि दिव्यांची दिशा पुन्हा जुळवणे. हे खर्चाचे काम आहे. स्वस्त पद्धत म्हणजे पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापणे आणि मागच्या पाट्यांतून एक पाटा काढून टाकणे. कापलेली स्प्रिंग अधिक कडक होते, पण तिला दबायला जागा उरत नाही. पाटा काढलेली मागची बाजू नरम आणि दुबळी होते, त्यामुळे माणसे बसली की आस थेट रबरी ठोकळ्यावर आदळतो. ती 'धाड' म्हणजे तो आदळण्याचा आवाज. शिवाय अनेक व्हॅनमध्ये मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारी झडप आस आणि सांगाडा यांमधील अंतरावरून भार ओळखते. गाडी कायमची खाली बसवली की रिकामी गाडीही त्या झडपेला भरलेली वाटते, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जखडतात.

चाकांचेही तसेच. समजा मूळ टायर १९५ मिलिमीटर रुंद, ८० टक्के उंचीचे, १५ इंची रिमचे आहे. त्याची बाजूची भिंत १५६ मिलिमीटर भरते. त्याऐवजी २१५ रुंद, ५५ टक्के उंचीचे, १७ इंची रिमचे टायर बसवले तर भिंत ११८ मिलिमीटर राहते. खड्ड्याचा मार झेलणारी उशी जवळजवळ चार सेंटिमीटरने कमी झाली. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये टायर चेपले जाते, आतले धागे तुटतात आणि फुगा येतो. बाहेरचा व्यासही सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटतो, त्यामुळे वेगमापक खोटे बोलू लागतो. उलट व्यास वाढवला तर वेगनियंत्रक ८० समजून गाडीला त्याहून पुढे जाऊ देतो.

आणि सर्वांत महत्त्वाचा भारांक. १०४ भारांकाचे टायर ९०० किलो झेलते, ९५ भारांकाचे ६९० किलो. भरलेल्या गाडीच्या मागच्या आसावर १,८०० किलो भार येतो असे धरा. पहिली जोडी तो बरोबर पेलते. दुसरी जोडी १,३८० किलोंवर संपते. तूट ४२० किलोंची, म्हणजे सत्तर किलोंच्या सहा माणसांची. आमच्या अकरा जणांपैकी सहा जणांना त्या टायरच्या लेखी गाडीत जागाच नव्हती.

उंची, भार आणि हवेचा दाब या तीन गोष्टी किती गुंतलेल्या असतात, हे अमेरिकेने २००० साली पाहिले. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरील फायरस्टोनची टायरे फाटून गाड्या उलटत होत्या. दोनशेहून अधिक बळी गेले आणि त्या ऑगस्टमध्ये सुमारे पासष्ट लाख टायरे परत मागवावी लागली. गाडीसाठी फोर्डने शिफारस केलेला दाब २६ होता, फायरस्टोन ३० हवा असे म्हणत होती. दोन्ही कंपन्या बडे उत्पादक, दोन्हींचे कागद चोख. तेव्हा 'उत्पादकाचा मूळ तपशील म्हणजे सुरक्षितता' हे आपल्या कलम ५२ चे गृहीतक नेहमीच खरे असते असेही नाही. अमेरिकेने त्याच वर्षी कायदा केला आणि पुढे टायरमधील दाब चालकाला दाखवणारे यंत्र नव्या गाड्यांत सक्तीचे केले.

माझा विषय अर्थशास्त्र. त्या नजरेने कलम ५२ कडे पाहिले की रोग लगेच दिसतो. चांगला बदल आणि वाईट बदल यांना शिक्षा एकच असेल, तर शहाणा माणूस चांगल्या बदलाचा खर्च कशाला करील? दंड पाच हजारच, मग ग्राइंडरच बरा. प्रवाशालाही बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, म्हणून तो चांगल्या कामाचे जास्त भाडे देत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल जे दाखवले तेच इथे घडते. गुणवत्ता ओळखता न येणाऱ्या बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो. सरकारचे काम गुणवत्ता ओळखता येईल अशी खूण देण्याचे. आम्ही ती खूणच बेकायदा ठरवून ठेवली आहे, कारण चांगल्या बदलाला प्रमाणपत्र देण्याची सोपी वाटच सामान्य मालकासाठी नाही.

दुसरा परिणाम आमच्या व्यवस्थेवर होतो. रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांत काही ना काही बदल असतो. सगळेच दोषी असतील तर कुणाला अडवायचे हे अडवणाऱ्याच्या मर्जीवर राहते. रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी भ्रष्टाचाराचे जे सूत्र मांडले, ते मक्तेदारी अधिक स्वेच्छाधिकार वजा उत्तरदायित्व असे आहे. सरसकट बंदीने यांतील पहिल्या दोन गोष्टी वाढतात आणि तिसरी घटते.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००९ साली मी उत्तरेकडील एका शहरात कार्यालयप्रमुख होतो. कार्यालयाच्या गाडीची टायरे बदलावीत अशी चालकाने लेखी मागणी केली. टायरे सहा वर्षांची होती, भिंतींवर भेगा पडल्या होत्या. परंतु गाडी फारशी फिरत नसे, आणि आमच्याकडे टायर बदलण्याचा निकष किलोमीटरचा होता. लिपिकाने टिप्पणी लिहिली, "विहित किलोमीटर पूर्ण झालेले नाहीत, सबब मागणी मान्य करता येत नाही." मी सही केली. चालक माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, एकदा खाली येऊन बघा." माझी बैठक होती. मी गेलो नाही. त्यानंतर सात आठवड्यांनी महामार्गावर पुढचे टायर फुटले आणि गाडी दुभाजकावर गेली. मी गाडीत नव्हतो. चालकाचा उजवा हात कोपरात मोडला, आणि तो हात पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. चौकशी झाली. लेखापरीक्षणात माझ्या निर्णयावर एकही आक्षेप आला नाही, कारण निकष माझ्या बाजूने होता. माझी नस्ती निर्दोष होती. त्या दिवसापासून मी कोणत्याही गाडीत बसण्याआधी वाकून टायर पाहतो. कुंभकोणमच्या तरुणाला दोष देताना म्हणूनच माझी जीभ अडखळते. त्याने पासिंगपुरती चाके बदलली, मी लेखापरीक्षणापुरती टिप्पणी लिहिली.

आता रस्त्याकडे पाहू. ज्या गतिरोधकावर आमची गाडी खरवडली, तोही एक 'बदल'च आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, गोलाकार असावा, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. आपल्या खेड्यांतून असा गतिरोधक शोधून दाखवावा! हाताने थापलेला, वीतभर उंच, धारदार उंचवटा हाच सर्वत्र नियम झाला आहे. मालकाने गाडी चार सेंटिमीटर खाली आणली तर कैदेची तरतूद आहे. रस्त्याच्या सदोष रचनेसाठी कलम १९८क मध्ये एक लाखापर्यंत दंड आहे, पण कैद नाही, आणि तोही कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी अपंग झाले तरच. नागरिकाने मूळ तपशील सोडला तर गुन्हा होतो, शासनाने सोडला तर आधी बळी लागतो.

आणखी एक विसंगती. चेन्नईत ऑगस्ट २०२४ पासून महानगर परिवहनच्या ताफ्यात नव्या, खालच्या तळाच्या बस आल्या. थांब्यावर त्या बाजूला झुकतात, म्हणजे वृद्धांना आणि अपंगांना चढता येते. न्यायालयांनी त्यासाठी सरकारांना कित्येकदा बजावले होते. म्हणजे पायरी खाली असावी ही नागरिकाची न्याय्य गरज आहे, हे तत्त्व मान्य झाले आहे. तीच गरज कुंभकोणमच्या व्हॅनवाल्याने स्वतःच्या अकलेने ओळखली. त्याला योग्य स्प्रिंग कोणती आणि तपासून कोण देईल हे सांगणारे कुणी भेटले नाही. ग्राइंडरवाला मात्र भेटला.

माझ्या एका सहकाऱ्याने यावर जो आक्षेप घेतला तो गंभीर आहे, म्हणून तो जसाच्या तसा मांडतो. तो म्हणाला, "जर्मनीत तपासनीस आहेत, आपल्याकडे नाहीत. बंदी निदान सोपी तरी आहे. परवानगीचे दार उघडलेस की प्रमाणपत्रे विकत मिळू लागतील, आणि आज जो ग्राइंडर चोरून चालतो तो शिक्क्यानिशी चालेल." यात तथ्य आहे. परंतु बंदी सोपी आहे ती लिहिण्यापुरती. पाळली जाते ती वर्षा-दोन वर्षांतून एका दिवसापुरती, पासिंगच्या दिवशी. शिवाय तपासणीची क्षमता आता अगदीच नाही असे नव्हे. ब्रेक रोलरवर मोजणारी स्वयंचलित चाचणी केंद्रे देशात उभी राहत आहेत. २०२३ पासून जुन्या रचनेच्या टायरांनाही लोळण्याचा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांची मानके लागू झाली. नक्षीची खोली मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर असावी हा नियम तर आहेच. मोजण्याची साधने आहेत. मोजमाप कायद्याच्या केंद्रस्थानी नाही, एवढेच.

जपानमध्ये मोजमाप केंद्रस्थानी आहे. तेथे सामान्यतः उंचीत चार, लांबीत तीन आणि रुंदीत दोन सेंटिमीटरपर्यंतचा फरक फेरनोंदणीशिवाय चालतो, पण गाडीचा तळ जमिनीपासून नऊ सेंटिमीटरपेक्षा खाली आलेला चालत नाही. जर्मनीत मान्यताप्राप्त सुटा भाग वापरा, गरज असेल तेथे तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि कागदात नोंद करा, अशी रीत आहे. आपल्याकडेही ही रीत परकी नाही. कुंभकोणमपासून जवळच दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात घोडे ओढीत असलेला दगडी रथमंडप आहे. त्याची चाके कधी फिरली नाहीत. पण तिरुवारूरचा नव्वद फुटांहून उंच लाकडी रथ आजही रस्त्यावर निघतो, आणि त्याला तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने पोलादी चाके आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. देवाच्या रथाच्या मूळ तपशिलात बदल झाला, तो जाणकारांनी हिशेब करून केला, आणि माणसे चिरडण्याचा धोका घटला. जे देवाच्या रथाला चालते ते यात्रेकरूंच्या व्हॅनला का चालू नये?

२०१९ च्या दुरुस्तीने बदलांबाबत विनिर्देश आणि अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. म्हणजे नवा कायदा नको, नियम हवेत. माझ्या सूचना अशा :

१. प्रवासी वाहनांच्या आरसी बुकात टायरच्या मापासोबत किमान भारांक आणि वेगाचे चिन्ह छापावे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, पुढे व मागे, नोंदवावी. एका टेपने जे मोजता येते ते आधी लिहून ठेवावे.

२. बदलांचे तीन वर्ग करावेत. मानांकित भाग वापरून केलेल्या मर्यादेतील बदलास परवानगीची गरज नसावी. त्यापुढील बदलास नाव आणि क्रमांकानिशी सही करणाऱ्या अभियंत्याचे प्रमाणपत्र लागावे, आणि अपघात झाल्यास त्याला जाब विचारता यावा. सांगाडा कापणे, पाटा काढणे, स्प्रिंग कापणे, भारांक कमी करणे यांवर पूर्ण बंदी असावी आणि शिक्षा आजच्याहून कडक असावी.

३. पासिंगच्या दिवशी टायरांचे अनुक्रमांक आणि छायाचित्र नोंदवावे, आणि ते गाडीच्या दारावरील क्यूआर संकेतातून प्रवाशालाही पाहता यावे. भाड्याने आणलेली चाके त्याच दिवशी उघडी पडतील. पुढची तपासणी आगाऊ न कळवता, यात्रेच्या वाहनतळावर व्हावी.

४. प्रत्येक जिल्ह्यात गतिरोधकांची नोंदवही असावी. ज्याचे माप मानकात बसत नाही तो ठराविक मुदतीत काढावा, आणि न काढणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्या नोंदीसमोर असावे.

यांतील एकही सूचना महागडी नाही. मात्र प्रत्येक सूचनेत कुणाला तरी खुर्चीवरून उठून खाली वाकावे लागेल.

या पानाचे बरेचसे वाचक घरापासून दूर राहतात, सुटीत येतात आणि आईवडिलांना भाड्याच्या गाडीत बसवून देवदर्शनाला नेतात. नियम बदलेपर्यंत त्यांनी एवढे करावे. चारही टायरांवरचे माप एकच आहे का आणि जादा चाकाशी जुळते का ते पाहावे. मापाशेजारचा भारांक वाचावा. बारा आसनी गाडीवर तो शंभराच्या आत दिसला तर सरळ प्रश्न विचारावा. भिंतीवरील चार अंकी आकडा पाहावा. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे असतात. भिंतीच्या आतल्या बाजूने हात फिरवावा. सगळी माणसे बसल्यावर गाडी हलवून पाहावी आणि मागून आवाज आला तर उतरावे. चालकाशी नम्रतेने बोलावे. त्याचेही पोट त्या चाकांवर आहे.

कुंभकोणमचा महामहम बारा वर्षांनी येतो. मागचा २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. १९९२ च्या महामहमात तळ्याकाठी चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास माणसे गेली होती, आणि त्यानंतर गर्दीचे नियोजन सुधारले. २०२८ साली लाखो लोक त्या तळ्यापर्यंत व्हॅनमधून येतील आणि त्यांत आपलीही माणसे असतील. त्या वेळी नियोजन तळ्याच्या काठापासून सुरू होऊ नये, वाहनतळावरच्या टायरांपासून व्हावे.

तो तरुण मला नंतर एकदा फोनवर भेटला. त्याने पाटा परत घातला होता, मूळ मापाची नवी टायरे हप्त्यावर घेतली होती. गाडी पुन्हा उंच झाली होती. तो म्हणाला, "सार, आता म्हाताऱ्यांसाठी एक लाकडी पाट ठेवतो पायरीखाली. पण कायद्याने, नीट, दोन इंच खाली घेता येईल असे काही आहे का?" मी त्याला 'नाही' असे सांगितले. हे उत्तर मला पुन्हा द्यावे लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.